बॉटलब्रशचे बोन्साय फुलत नाही : मराठवाड्याच्या हवापाण्यात करावयाची क्रमवार तपासणी

लक्षणे

हौशी मंडळी बॉटलब्रशची जी बोन्साय झाडे माझ्याकडे दाखवायला आणतात, ती निरनिराळ्या गच्च्यांवरची असली तरी त्यांचे दुखणे बहुधा एकच असते आणि ते चार-पाच रूपांत समोर येते. सर्वांत जास्त आढळणारे रूप असे, की झाड निकोप दिसते, खोड भरलेले असते, फांद्यांची बैठक जमलेली असते. पण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान रस्त्याच्या दुभाजकांवरची आणि कार्यालयांच्या आवारांतली बॉटलब्रशची झाडे लाल तुऱ्यांनी लगडलेली असताना कुंडीतल्या झाडावर एकही तुरा धरत नाही. दुसऱ्या रूपात झाड भराभर वाढते, लांब व लुसलुशीत फुटवे काढते, परंतु फुलाचे नाव काढत नाही. तिसऱ्यात कळ्या धरतात, शेंड्यांशी रेशमी लव असलेली जाड टोके दिसू लागतात आणि उमलण्याआधीच वाळून गळतात. चौथ्यात नवी पाने पिवळी निघतात आणि त्यांच्या फक्त शिरा हिरव्या राहतात. पाचवे रूप सर्वांत वाईट आहे: पानांची चमक जाऊन ती राखाडी पडतात, शेंडे तपकिरी होतात आणि पाणी दिल्यावरही झाड सावरत नाही.

पहिल्या दोन रूपांचे कारण बहुतेक वेळा कात्रीत, सावलीत किंवा खतात सापडते. तिसऱ्याचे कारण पाण्याच्या पाळ्यांत असते, चौथ्याचे पाण्यातल्या आणि मातीतल्या चुन्यात, तर पाचव्याचे मुळांत. तरीही तपासणी खालील क्रमानेच करावी असा माझा आग्रह आहे, कारण सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही आणि बरीचशी झाडे तेवढ्यावरच मार्गी लागतात. मुळांना हात लावणे हे सर्वांत जोखमीचे काम आहे. नेमके तेच लोक सर्वांत आधी करतात, आणि ज्या झाडाला फक्त फूल येत नव्हते ते झाडच त्यात हातचे जाते.

झाड कोणते आणि किती वयाचे आहे

पहिला प्रश्न विचारायला सोपा आहे, पण तो विचारला जात नाही. रोपवाटिकांमध्ये ‘गोल्डन बॉटलब्रश’ या नावाने जे पिवळसर, बारीक पानांचे झाड विकले जाते, ते बहुधा मेलाल्यूका ब्रॅक्टिएटा असते. ते पानांच्या रंगासाठी लावायचे झाड आहे. त्याला फुले आलीच तर ती लहान व पांढरट येतात, लाल तुरे कधीच येत नाहीत. लाल तुऱ्यांचे झाड म्हणजे कॅलिस्टेमॉन व्हिमिनॅलिस किंवा कॅलिस्टेमॉन सिट्रिनस. अलीकडे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघांनाही मेलाल्यूका या प्रजातीतच धरतात, त्यामुळे पाटीवर कोणतेही नाव असू शकते. पाटीवर भरवसा ठेवण्यापेक्षा पान पाहावे. लाल तुऱ्याच्या झाडाचे पान हिरवे, अरुंद व बोटभर लांब असते आणि कोवळी पालवी बहुधा तांबूस व लवदार निघते.

वयाचाही विचार करावा. बियांपासून केलेले रोप फुलायला साधारणपणे चार-पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ घेते, आणि कुंडीत सतत छाटले जात असल्यास आणखी उशीर होतो. फुलणाऱ्या झाडाच्या अर्धपक्व फांदीपासून केलेले कलम मात्र एक-दोन वर्षांतही तुरा दाखवते. म्हणून बोन्सायसाठी झाड घेताना कलमाचे घ्यावे, आणि शक्य असल्यास ते फुलावर असतानाच निवडावे. आणखी एक गोष्ट घेतानाच लक्षात ठेवावी: बोन्साय केल्याने पाने थोडी लहान होतात, फूल मात्र लहान होत नाही. सहा ते दहा सेंटिमीटरचा तुरा वीतभर उंचीच्या झाडावर बेढब दिसतो. त्यामुळे या झाडाचे बोन्साय दीड-दोन फुटांचे ठेवणेच मला योग्य वाटते. अगदी लहान आकार हवा असेल, तर ‘लिटल जॉन’ हा ठेंगणा वाण मिळतो का ते पाहावे.

कात्री

फूल न येण्याचे सर्वांत मोठे कारण येथे आहे. ते समजून घेण्यासाठी घरातल्या कुंडीकडे न पाहता जमिनीत वाढलेल्या एखाद्या जुन्या झाडाकडे जावे आणि त्याची एक फांदी हातात घेऊन खोडाकडून शेंड्याकडे न्याहाळत जावे. काही अंतरावर राखाडी-तपकिरी, मिरीच्या दाण्याएवढी, टणक बोंडे एकमेकांना खेटून फांदीभोवती कडे करून बसलेली दिसतील. त्यापुढे थोडी मोकळी, पानांची फांदी लागेल, मग पुन्हा बोंडांचे कडे, पुन्हा पाने, आणि शेवटी या वर्षीचा कोवळा शेंडा. ही बोंडे म्हणजे जुन्या तुऱ्यांची फळे असून ती वर्षानुवर्षे फांदीवर तशीच राहतात. प्रत्येक कडे ज्या जागी आहे, त्या जागी त्या बहराच्या वेळी फांदीचा शेंडा होता. तुरा शेंड्याशी धरतो, आणि तुऱ्याच्या टोकाला असलेला पानांचा डोळा फुलल्यानंतर पुढे वाढत जातो, अशी या झाडाची रीत आहे.

आता बोन्साय करणारा काय करतो ते पाहावे. आकार नेटका राहावा म्हणून तो दर महिन्याला शेंडे खुडतो, पावसाळ्यात दोनदा छाटतो, आणि डिसेंबर-जानेवारीत प्रदर्शन असेल तर आदल्या आठवड्यात पुन्हा कात्री फिरवतो. जो शेंडा पक्व होऊन तुरा धरणार, तोच दरवेळी टोपलीत जातो. वड-पिंपळाच्या बोन्सायवर शिकलेला हात बॉटलब्रशवर तसाच चालवला, की झाड देखणे राहते आणि वांझ राहते.

यावर उपाय म्हणून मी जे वेळापत्रक सांगतो ते असे. फुले कोमेजू लागली, की ती पूर्ण वाळण्याची वाट न पाहता तुऱ्याच्या लगेच मागे कापावे; आकारासाठी फांदी आखूड करायची असेल तर आणखी मागे गेले तरी चालते, मात्र कापाच्या खाली काही पाने शिल्लक राहिली पाहिजेत. मराठवाड्यात हे काम बहुधा एप्रिलमध्ये येते. बोंडे धरू देऊ नयेत, कारण बी पोसण्यात झाडाची शक्ती जाते. त्यानंतर निघालेले फुटवे पावसाळ्यात वाढतात. त्यांतले नको असलेले जुलैमध्ये काढावेत, लांब गेलेले एकदा खुडावेत, आणि पोळ्यानंतर मात्र शेंड्यांना कात्री लावू नये. पोळ्यापासून पुढच्या बहरापर्यंत झाड विस्कटलेले दिसेल, ते तसे दिसू द्यावे. या काळात तार गुंडाळून फांद्या वळवायला हरकत नाही, कारण वळवल्याने शेंडा नष्ट होत नाही. ज्यांना विस्कटलेले झाड पाहवत नाही त्यांनी एक वर्ष फुलासाठी आणि एक वर्ष आकारासाठी असा फेर धरावा. बॉटलब्रश जुन्या लाकडावरही चांगला फुटतो, त्यामुळे आकाराच्या वर्षी केलेली कडक छाटणी निरोगी झाड सहज सोसते.

या एकाच बदलानंतर पुढचा बहर येईपर्यंत वाट पाहावी. एकाच वेळी कात्री, खत, माती आणि जागा असे सारे बदलले, तर फूल कशामुळे आले किंवा कशामुळे आले नाही, हे कधीच कळत नाही.

ऊन आणि हिरवी जाळी

बॉटलब्रशला दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागते. आपल्याकडे मार्चमध्ये गच्चीवर हिरवी शेडनेट चढते आणि पुढच्या मार्चपर्यंत उतरत नाही. पंचाहत्तर टक्के सावलीच्या जाळीखाली हे झाड हिरवेगार राहते, पेरे लांब होतात, पाने मोठी होतात आणि कळी धरत नाही. जाळी फक्त एप्रिलच्या मध्यापासून पहिला पाऊस येईपर्यंत, तीही पन्नास टक्क्यांपेक्षा कमी सावलीची आणि दुपारपुरती असावी. पारा बेचाळीसच्या पुढे गेल्यावर झाडाच्या पानांना उन्हाची भीती नसते, भीती असते ती तापलेल्या उथळ कुंडीतल्या मुळांना. म्हणून झाड सावलीत नेण्यापेक्षा कुंडीला सावली करावी: ती फरशीवर थेट न ठेवता विटांवर ठेवावी आणि कडेने ओले गोणपाट गुंडाळावे.

जाळी काढताना एकदम काढू नये, नाहीतर पाने करपतात. सप्टेंबरचे ढगाळ दिवस यासाठी चांगले.

पाण्याच्या पाळ्या, आणि ताण न देणे

जालना, छत्रपती संभाजीनगर भागातील वाचकांना ही गोष्ट पटवून देणे मला सर्वांत कठीण गेले आहे. मोसंबीला ताण देऊन बहार धरण्याची पद्धत येथे घरोघर माहीत आहे: पाणी तोडायचे, पाने पिवळी पडून गळू लागली की पुन्हा पाणी सोडायचे, आणि बाग फुलते. तीच रीत बॉटलब्रशला लावली जाते आणि झाड जाते. मोसंबी जमिनीत असते, मुळे खोल असतात, आणि ताण कितीही दिला तरी भारी काळ्या जमिनीत ओल शिल्लक असते. दोन-तीन इंच खोलीच्या बोन्साय कुंडीत मे महिन्यात ही ओल सकाळी दिली तर संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. शिवाय कॅलिस्टेमॉन व्हिमिनॅलिस हे क्वीन्सलँड आणि न्यू साऊथ वेल्समध्ये ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणारे झाड आहे. ऑस्ट्रेलियातून आले म्हणजे दुष्काळात तग धरणारच, हा समज त्याला लागू होत नाही. जमिनीत रुजल्यावर ते बराच कोरडेपणा सोसते खरे, पण उथळ कुंडीत ते शक्य नाही.

त्यात या झाडाची एक फसवी सवय आहे. जास्वंद किंवा तुळस तहानली की मान टाकते आणि पाणी दिले की तासाभरात उभी राहते. बॉटलब्रशची जुनी पाने कडक असल्याने लवत नाहीत. फक्त अगदी कोवळे शेंडे थोडे वाकतात, आणि तेवढीच सूचना मिळते. ती हुकली की पानांचा रंग फिका होऊन राखाडीकडे झुकतो. तोवर बारीक मुळे मेलेली असतात, आणि मग कितीही पाणी ओतले तरी उपयोग होत नाही. कळ्या धरून वाळण्याचे कारणही हेच. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी असते म्हणून पाणी दिवसाआड केलेले असते, मध्येच ऊन वाढते, आणि एखाद्या कोरड्या दुपारी सर्व कळ्या जातात.

तपासणी सोपी आहे. पाणी दिल्यानंतर कुंडी उचलून तिचे वजन हाताला ओळखीचे करून घ्यावे, आणि पुढचे पाणी देण्यापूर्वी पुन्हा उचलावी. कुंडी निम्म्याने हलकी लागत असेल तर दोन पाळ्यांतील अंतर जास्त झालेले आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी व संध्याकाळी असे दोनदा पाणी द्यावे लागते. बाहेरगावी जायचे असल्यास कुंडी बोटभर पाणी असलेल्या ताटात ठेवलेली बॉटलब्रश चालवून घेतो, बहुतेक बोन्साय झाडे घेत नाहीत. ही सवलत उन्हाळ्यापुरतीच आहे. पावसाळ्यात ताट काढून ठेवावे.

खत

फुलासाठी म्हणून जी खते सुचवली जातात, त्यांतील बरीचशी या झाडांसाठी उलटी पडतात. ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच भागांतील माती अतिशय जुनी, झिजलेली आणि स्फुरदाने (फॉस्फरसने) दरिद्री आहे. तेथील झाडांनी थोड्या स्फुरदावर भागवण्याची सवय लावून घेतली आहे. बँक्सिया, ग्रेव्हिलिया, हेकिया या कुळातील झाडांची मुळे तर स्फुरद ओढून घेण्यात इतकी तरबेज असतात, की भरपूर स्फुरद मिळाल्यास ती विषबाधा होऊन मरतात. बॉटलब्रश जांभूळ-पेरूच्या कुळातला आहे आणि इतका नाजूक नाही, पण डीएपी (18:46:0; असे आकडे क्रमाने नत्र, स्फुरद व पालाश यांचे शेकडा प्रमाण सांगतात), 10:26:26, हाडांचा चुरा आणि द्राक्षबागेतून उरलेले 0:52:34 यांचा मारा त्यालाही मानवत नाही, कारण जादा स्फुरद झाडाला लोह मिळू देत नाही. आपल्या चुनखडीच्या मातीत लोहाची आधीच बोंब असते. पाने पिवळी पडली म्हणून डीएपी टाकले आणि ती आणखी पिवळी पडली, अशी कुंडी माझ्यासमोर पुनःपुन्हा येते.

दुसरी चूक नत्राची. दर आठवड्याला 19:19:19 किंवा युरियाचे पाणी दिले की लुसलुशीत फुटवे निघत राहतात, शेंडा पक्व होतच नाही. फुले संपल्यावर आणि पावसाळ्यात थोडी निंबोळी पेंड व मुरलेले गांडूळखत पुरते. गणपतीनंतर नत्र बंद करावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 0:0:50 हे पालाशयुक्त खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात दोनदा दिले तर फुटवे पक्व व्हायला मदत होते. न दिले तरी मोठे अडत नाही.

फूल आणण्याचे औषध म्हणून आंब्यासाठी वापरले जाणारे पॅक्लोब्युट्राझॉल कोणी सुचवले, तर ते टाळावे. ते मातीत दीर्घकाळ राहते, आणि चमचाभराची चूक छोट्या कुंडीत झाडाला वर्षानुवर्षे खुरटवून ठेवते.

कीड

येथे फार वेळ घालवायचे कारण नाही. पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण, फांदीवर नखाने निघणारे तपकिरी ठिपके दिसले तर खवले कीड, आणि पानांवर काजळी असेल तर बहुधा या दोहोंपैकी एक. जुन्या टूथब्रशने घासून काढावे आणि संध्याकाळी निंबोळी तेलाची फवारणी आठवड्याच्या अंतराने करावी. मुंग्यांची रांग आधी तोडावी, कारण त्याच कीड पसरवतात. केवळ किडीमुळे फूल न आल्याची उदाहरणे थोडी आहेत.

पिवळी पाने : पाण्यातला आणि मातीतला चुना

आता थोडा खर्च सुरू होतो. आधी पिवळेपणा नीट वाचावा. जुनी, खालची पाने सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे. नवी, शेंड्याकडची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. लोह मातीत असतेच, पण विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, मातीत ते मुळांना घेता येत नाही. मराठवाड्याची काळी माती दख्खनच्या बेसॉल्टपासून झाली आहे; तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे हाताला लागतात आणि तिचा सामू (आम्ल-विम्लतेचा आकडा, पीएच) बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. बॉटलब्रशला सहा ते सातच्या दरम्यानचा, किंचित आम्ल बाजूचा सामू मानवतो. त्यात बोअरचे पाणी पडले, की दररोज थोडा थोडा चुना कुंडीत साठत जातो, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात.

तपासणीसाठी कुंडीतील चमचाभर माती कोरडी करून बशीत घ्यावी आणि तिच्यावर स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचे काही थेंब टाकून बशी कानाजवळ न्यावी. बारीक चरचर ऐकू आली आणि बुडबुडे दिसले, तर मातीत चुना आहे. कुंडीच्या काठावर, खोडाच्या बुडाशी आणि तळाच्या भोकाभोवती पांढरा थर असेल तर पाणी दोषी आहे. स्वस्त टीडीएस मापकाने पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा कळतो, पण त्यातून कोणते क्षार आहेत ते कळत नाही. सामूच्या पट्ट्या जोडीला ठेवाव्यात. मातीच्या मिश्रणात घातलेला विटांचा चुरा कोठून आणला तेही आठवावे. पाडलेल्या जुन्या वाड्याच्या विटांना चुन्याचा गिलावा चिकटलेला असतो, आणि तोच चुना हळूहळू विरघळत राहतो.

उपाय पाण्यापासून सुरू करावा. पावसाचे पाणी पिंपात साठवणे सर्वांत चांगले. एसीच्या नळीतून गळणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते, ते बादलीत धरावे. धरणाचे नळाचे पाणी सहसा बोअरपेक्षा बरे असते. आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी आणि कूलरच्या टाकीत उरलेले पाणी मात्र कधीही वापरू नये, कारण दोन्हींत क्षार घट्ट झालेले असतात. वॉटर सॉफ्टनरच्या पाण्यात सोडियम असते, तेही नको. बोअरशिवाय इलाज नसेल, तर त्यात थोडे लिंबूसत्त्व विरघळवून सामू सहा-साडेसहावर आणावा आणि दरवेळी पट्टीने खात्री करावी. पावसाळ्यात झाड उघड्यावर ठेवून कुंडी चांगली धुऊन निघू द्यावी.

पाणी बदलल्यावरच लोह द्यावे. फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, लिटरला दोन-तीन ग्रॅम आणि सोबत ग्रॅमभर लिंबूसत्त्व असे द्रावण करून संध्याकाळी पानांवर फवारावे. फरशीवर पडले तर गंजाचे डाग जात नाहीत. मातीतून द्यायचे असल्यास दुकानात स्पष्टपणे ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह मागावे, कारण स्वस्तातले ईडीटीए विम्ल मातीत टिकत नाही. आधीच पिवळी झालेली पाने पूर्ण हिरवी होतीलच असे नाही. नव्या पालवीकडे पाहावे. ती हिरवी निघाली की इलाज लागू पडला. बॅटरीतील आम्ल पाण्यात टाकण्याचा सल्ला गावोगाव ऐकू येतो. तो घरी अमलात आणू नये: त्याने हात, डोळे आणि झाड, तिन्ही जाऊ शकतात.

मुळे

वरचे सर्व करूनही झाड सुधारत नसेल, तरच कुंडी उलटवावी. त्याआधी वरून पाणी ओतून पाहावे. पाणी मिनिटापेक्षा जास्त वेळ वर साचून राहिले, तर भोक बुजले आहे, मुळे गच्च झाली आहेत, किंवा मिश्रणात काळी माती जास्त आहे. काळी माती उन्हात आकसून कडेने फट सोडते आणि पाणी त्या फटीतून निघून जाते, मधला गोळा कोरडाच राहतो. पावसाळ्यात तीच माती दलदल होते. बोन्सायच्या मिश्रणात ती नसावी. क्रशरची चाळलेली बारीक खडी किंवा स्वच्छ वीटचुरा निम्मा, आणि उरलेल्या निम्म्यात धुतलेले कोकोपीट व मुरलेला पालापाचोळा, असे मिश्रण येथे चांगले चालते.

थंडीत, झाड निद्रिस्त असताना कुंडी बदलण्याचा पुस्तकी नियम थंड प्रदेशांतील पानगळीच्या झाडांचा आहे. ऑस्ट्रेलियन झाडांची मुळे उबेत आणि वाढीच्या काळात लवकर भरून येतात. मराठवाड्यात मृगाचा पाऊस स्थिरावल्यानंतरचा, जूनअखेर ते जुलैचा काळ त्याला योग्य. मे महिन्यात कधीही नको. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त मुळे काढू नयेत आणि माती धुऊन मुळे उघडी करू नयेत. नंतर दोन-तीन आठवडे सावलीत ठेवावे. त्या वर्षी फुलाची अपेक्षा सोडावी. किंचित दाटीतले झाडच अधिक फुलते, म्हणून केवळ फुलासाठी कुंडी बदलण्यात अर्थ नाही.

मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमीचा (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा) संशय घ्यावा, विशेषतः माती वांगी-टोमॅटोच्या किंवा डाळिंबाच्या शेतातून आणली असेल तर. सुरू आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांच्या मुळांवर मात्र नत्र स्थिर करणाऱ्या गाठी मुळातच असतात, त्या रोग समजून कापू नयेत.

इतर ऑस्ट्रेलियन झाडांबाबत थोडेसे

वरील तपासणी बॉटलब्रशसाठी आहे. निलगिरीचे बोन्साय होते, पण छाटल्यावर तिला पुन्हा बाल्यावस्थेतील गोलसर पाने फुटतात आणि फूल प्रौढ पानांच्या फांदीवरच येते, त्यामुळे तेथे फुलाचा हट्ट धरू नये. सिल्व्हर ओक म्हणजे ग्रेव्हिलिया रोबस्टा. तो स्फुरदाला नाजूक आहे आणि कुंडीत क्वचितच फुलतो. सुरूची फुले इतकी बारीक असतात, की ती आली तरी बहुतेकांना दिसत नाहीत. बँक्सियाचे रोप कोणी महागात देऊ केले, तर आपल्या पाण्यावर ते जगवणे कठीण आहे हे धरूनच निर्णय घ्यावा.

कोठे थांबावे

खोडाची साल बुडाशी मऊ लागत असेल किंवा सुटत असेल, मुळे काळी पडून त्यांना कुजका वास येत असेल, खोडाला भोके पडून भुसा निघत असेल, किंवा मुळांवर गाठी सापडल्या असतील, तर घरचे प्रयोग तेथेच थांबवावेत. बुरशीनाशक आणि कीटकनाशक अंदाजाने मिसळून ओतणे हा इलाज नव्हे. लोहाची फवारणी करून दोन वेळा आलेली पालवीही पिवळीच निघाली, तर दोष पाण्याच्या घटकांत आहे, आणि तो प्रयोगशाळेशिवाय कळणार नाही. जुने, जाड खोडाचे झाड वर्षानुवर्षे कुंडीत घट्ट बसले असेल, तर त्याची मुळे पहिल्यांदा छाटण्याचे काम ज्याने ऑस्ट्रेलियन झाडे प्रत्यक्ष हाताळली आहेत अशा अनुभवी बोन्सायकाराकडूनच करून घ्यावे. नुसता वड-उंबराचा अनुभव येथे पुरत नाही.

माती व पाणी तपासणीसाठी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा मृदा चाचणी प्रयोगशाळेत चौकशी करावी. रोग ओळखण्यासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील वनस्पती रोगशास्त्र विभागाचा सल्ला घेता येतो. पाण्याचा नमुना देताना बोअर काही मिनिटे चालवून मग स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी भरावे आणि बाटली त्याच पाण्याने आधी विसळून घ्यावी. सामू, विद्युत वाहकता, बायकार्बोनेट आणि सोडियम या चार गोष्टी तपासून हव्यात असे स्पष्ट सांगावे. मातीचा नमुना घेण्यापूर्वी महिनाभर कुंडीत कोणतेही खत किंवा औषध टाकू नये, आणि टाकले असेल तर त्याचे नाव व तारीख नमुन्यासोबत लिहून द्यावी.